पेटीसकट

१९६२ साली अमेरिकेत डेट्रॉइटला नाणेसंग्राहकांचं अधिवेशन भरलं, तेव्हा लंडनच्या स्पिंक या जुन्या पेढीचे डेव्हिड स्पिंक सोबत एक पिवळ्या कातड्याची पेटी घेऊन आले होते. आत खण, आणि खणांत सोन्याची, चांदीची, तांब्याची अमेरिकी नाणी. बहुतेकांवर साल १८३४. दोन नाण्यांवर मात्र १८०४: एक दहा डॉलरचं सोन्याचं ‘ईगल’ आणि दुसरा चांदीचा डॉलर. त्या डॉलरनं तिथल्या जाणकारांमध्ये खळबळ उडवून दिली.

१८०४ सालच्या डॉलरवरून संग्राहकांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला होता. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या वह्या सांगत होत्या की त्या वर्षी १९,५७० डॉलर पाडले गेले. मग ते गेले कुठे? कुणी म्हणे, घेऊन जाणारं जहाज बुडालं. कुणी म्हणे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या चाच्यांना खंडणीत गेले. प्रत्यक्षात नाणी मोजकीच सापडत, आणि प्रत्येक मालक छातीठोकपणे सांगे की आपलं नाणं १८०४ मध्येच पाडलेलं आहे. एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट या दोघा अभ्यासकांचा निष्कर्ष वेगळा होता. १८०४ मध्ये पाडलेल्या डॉलरांवर आदल्या वर्षांची सालं होती, कारण टांकसाळीत जुने ठसेच वापरले जात होते. ‘१८०४’ छापलेला डॉलर जन्माला आला तो तीस वर्षांनी, परदेशी राजांना भेट देण्यासाठी. त्यांचं पुस्तक छपाईच्या उंबरठ्यावर असतानाच ही पिवळी पेटी पुढे आली. मजकुरात फेरफार करावे लागले, पण आनंदानं, कारण पेटीनं त्यांच्या बाजूनं साक्ष दिली होती.

घडलं होतं ते असं. एडमंड रॉबर्ट्स या अमेरिकी दूतानं १८३३ मध्ये सयामच्या राजाशी आणि मस्कतच्या सुलतानाशी व्यापारी करार केले. कराराच्या मंजूर प्रती पोचवायच्या, तर सोबत नजराणा हवा. नोव्हेंबर १८३४ मध्ये परराष्ट्र खात्यानं टांकसाळीला पत्र धाडलं: चालू असलेल्या प्रत्येक नाण्याचा एकेक नमुना असे दोन संच तयार करा. त्या पत्रात नाण्यांइतकीच काळजी पेट्यांची केली आहे. पेट्या राजधानीपेक्षा फिलाडेल्फियात चांगल्या आणि लवकर होतील, आकार होईल तितका लहान ठेवा, एक पिवळी करा आणि दुसरी किरमिजी. ‘प्रत्येक नाणं’ म्हटलं की डॉलर आलाच. तो तर टांकसाळीनं कित्येक वर्षांत पाडला नव्हता. तेव्हा वह्या चाळून शेवटचं साल काढलं आणि १८०४ हा आकडा घालून नवा ठसा केला. दप्तर बघून काम करणाऱ्या कारकुनाची ही प्रामाणिक चूक पुढे लाखो डॉलरांना विकली जायची होती.

पेट्या ‘पीकॉक’ या लढाऊ जहाजावर चढल्या. सप्टेंबर १८३५ मध्ये अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ मसिरा बेटापाशी हे जहाज खडकावर चढलं, तोफा समुद्रात टाकून कसंबसं सुटलं, मस्कतला पोचलं आणि तिथून दुरुस्तीसाठी थेट मुंबईच्या गोदीत आलं. म्हणजे मस्कतच्या सुलतानाचा संच त्याच्या हाती पडल्यावर सयामच्या राजाची ठेव १८३५ च्या अखेरीचे काही आठवडे मुंबईच्या बंदरात मुक्कामाला होती. इथल्या नव्या टांकसाळीपासून हाकेच्या अंतरावर. एप्रिल १८३६ मध्ये संच सयामचा राजा तिसरा राम याला पोचला. रॉबर्ट्स बिचारा जूनमध्ये मकावला आजारपणात वारला, आणि कोचीन-चीन व जपानसाठी ठेवलेले नजराणे दिलेच गेले नाहीत.

आता समजा, हा डॉलर एकटाच, कागदाच्या पुडीत गुंडाळून बाजारात आला असता. आणखी एक १८०४ चा डॉलर, आणखी एक दावा, एवढंच झालं असतं. तो १८३४ च्या नाण्यांच्या पंगतीत, त्यांच्याच पेटीत, त्याच्या मापाच्या खणात बसलेला होता म्हणून वाद मिटला. पेटीतला एक लहानसा खण मात्र रिकामा होता. त्यात राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांचं छोटं सुवर्णपदक असावं, असं पुढे जाणकारांनी मांडलं. जे नाहीसं झालं त्याचंही माप पेटीनं जपून ठेवलं होतं.

प्रूफ नाण्यांचे संच जमवणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून हे ध्यानात ठेवावं: पेटी हा संचाचा दस्तऐवज आहे. आणि त्याच वेळी, हे पुढे विस्तारानं येईल, नाण्यांना राहायला तिच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. या छंदातली सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी या दोन वाक्यांच्या मध्ये आहे.

आधी प्रूफ म्हणजे काय ते पाहू. बाजारात ‘एकदम प्रूफ कंडिशन आहे साहेब’ असं सर्रास ऐकू येतं. त्यात अर्थ नाही. प्रूफ ही नाण्याची अवस्था नसून ते घडवण्याची पद्धत आहे. नाणं वापरात गेलं, झिजलं, खिशातल्या किल्ल्यांनी ओरबाडलं, तरी ते प्रूफच राहतं, फक्त खराब झालेलं प्रूफ. उलट टांकसाळीच्या थैलीतून काल निघालेलं चकचकीत नाणं कितीही सुंदर असलं तरी प्रूफ होत नाही.

रोजच्या चलनाचं नाणं पाडायचं यंत्र मिनिटाला शेकड्यांनी नाणी टाकतं. एक ठोका, एक नाणं, घसरून खालच्या पेटाऱ्यात. एकमेकांवर आदळून त्यांना तिथेच पहिले ओरखडे पडतात. प्रूफसाठी सगळं सावकाश. ठशाचा सपाट भाग आरशासारखा घासून घेतात आणि चित्राचा, अक्षरांचा खोलगट भाग मुद्दाम खरखरीत ठेवतात. हे पूर्वी आम्लानं किंवा वाळूच्या फवाऱ्यानं करत, आता लेझरनं. कोऱ्या चकत्याही वेचून, घासून, धुऊन घेतात. मग एकेक चकती हातानं ठशांमध्ये ठेवायची, जास्त दाबानं एकाहून अधिक ठोके द्यायचे, आणि नाणं कडेला धरून उचलायचं. त्यामुळे चित्राचा केसन्‌केस उठतो, कड काटकोनात उभी राहते, आणि काळ्या आरशावर दुधी चित्र तरंगल्यासारखं दिसतं. जुन्या प्रूफ नाण्यांत हा दुधीपणा ठशातून निघालेल्या पहिल्या काही नाण्यांनाच लाभे. ठोक्यागणिक खरखरीत भाग गुळगुळीत होई आणि पुढची नाणी सगळीकडून सारखीच चमकत. म्हणून १९५० आणि ६० च्या दशकांतल्या संचांत ठळक दुधी चित्राचं नाणं मिळालं तर संग्राहक हरखून जातो.

चकाकी म्हणजेच प्रूफ, असंही नाही. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १९०२ मध्ये, ब्रिटिश टांकसाळीनं जे प्रूफ संच काढले ते चक्क मंद, राखेसारख्या पृष्ठभागाचे होते. आरसा कुठेच नाही. नाणी मळलीत असं समजून कित्येकांनी ती घासून ‘स्वच्छ’ केली. आज १९०२ चा न घासलेला संच मिळणं हीच मोठी गोष्ट.

ब्रिटनमध्ये असे संच राज्याभिषेक, ज्युबिली, नवं नाणं अशा निमित्तानं निघत: १८२६, १८३१, १८३९, १८८७, १८९३, १९०२, १९११, १९३७. १८३९ च्या संचात विल्यम वायन यांनी कोरलेलं पाच पौंडांचं नाणं आहे. तरुण व्हिक्टोरिया सिंहाला वाट दाखवत चालली आहे, असं त्यावर चित्र. ब्रिटिश नाण्यांतलं ते सर्वांत देखणं, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. या संचांना तांबड्या कातड्याच्या पेट्या असत, आणि संचाचे प्रकार खणांवरून ओळखता येतात. १९०२ चा मोठा संच तेरा नाण्यांचा. पाच आणि दोन पौंडांची सोन्याची नाणी वगळलेला धाकटा संच अकराचा. १९११ चा मोठा संच बारा नाण्यांचा, कारण त्यात क्राऊन नाही. खण मोजले की मूळ गिऱ्हाइकानं किती पैसे मोजले असतील याचा अंदाज येतो. तेरा खणांच्या पेटीत अकरा नाणी घेऊन ‘पूर्ण संच’ म्हणून कुणी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

फार महागड्या ठरलेल्या काही नाण्यांच्या नशिबी मात्र कातडंही नव्हतं. आठव्या एडवर्डची नाणी १९३६ च्या अखेरीस जवळपास तयार होती. वडिलांचा मुखडा डावीकडे होता, म्हणजे परंपरेप्रमाणे मुलाचा उजवीकडे हवा. पण यानं हट्टानं आपलाही डावीकडेच करून घेतला. डिसेंबरमध्ये त्यानं गादी सोडली आणि नाणी चलनात जायच्या आतच बाद झाली. ती एका सीलबंद पुठ्ठ्याच्या खोक्यात टांकसाळीच्या उपप्रमुखाच्या तिजोरीत १९७० पर्यंत पडून होती. आठव्या एडवर्डच्या नाण्यांतला एक सॉव्हरिन २०२० मध्ये दहा लाख पौंडांना गेला.

आपल्याकडची गोष्ट मुंबईतून सुरू होते. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेसमोर, शहीद भगतसिंग मार्गावर, ग्रीक खांबांची जी दगडी इमारत आहे ती मेजर जॉन हॉकिन्स यांनी १८२० च्या दशकात उभारलेली टांकसाळ. वाफेची इंजिनं थेट इंग्लंडहून आणली होती. राणीच्या आणि पुढच्या राजांच्या काळात मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळी संग्राहकांसाठी प्रूफ नाणी पाडत, आणि त्यांनी एक सोय चालू ठेवली होती जिच्यामुळे आजचे संग्राहक दात-ओठ खातात. जुने ठसे जपलेले असत. कुणी मागणी केली की त्या ठशांवरून जुन्या सालाचं नाणं पुन्हा पाडून देत. याला ‘रीस्ट्राइक’ म्हणतात. हा प्रकार १९७० पर्यंत चालला. म्हणजे व्हिक्टोरियाच्या सालाचा, आरशासारखा लखलखीत रुपया तुमच्या हातात आला, तर तो तिच्या हयातीत पाडलेला असेल किंवा नेहरूंच्या काळातही. टांकसाळ तीच, ठसा तोच, लबाडी काहीच नाही, पण किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. फरक ओळखायचा तो बारीकसारीक खुणांवरून: ठशाला चढलेल्या गंजाचे उंचवटे, पुढच्या बाजूला एका काळाचा आणि मागे दुसऱ्या काळाचा ठसा अशी विजोड जोडी, वजनातली तफावत. आणि इथे पुन्हा, नाणं त्याच्या काळच्या पेटीत, कागदासकट मिळालं तर निम्मं काम झालेलं असतं.

प्रजासत्ताकाचा पहिला संच १९५० चा, सात नाण्यांचा: एक पैसा, अर्धा आणा, एक आणा, दोन आणे, पाव रुपया, अर्धा रुपया, रुपया. पैशावर घोडा, आण्यांवर बैल, वरच्या तिन्हींवर गव्हाच्या लोंब्या. राजाचा मुखडा जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले ते याच नाण्यांवर. अर्धा आणा आणि दोन आणे चौकोनी, आणा पाकळीदार. आंधळ्यालाही चाचपून हिशेब करता यावा असे आकार. १९५७ च्या एप्रिलपासून दशमान पद्धत आली आणि नवे पैसे. त्यांचेही प्रूफ संच निघाले.

पण संग्राहकांच्या दृष्टीनं खरी बरकत १९६९ पासून. त्या वर्षी गांधीजन्मशताब्दीची नाणी निघाली. त्यांवर १९६९ हा आकडाच नाही, १८६९–१९४८ एवढंच आहे. दहा रुपयांचं नाणं पंधरा ग्रॅम वजनाचं, ८० टक्के चांदीचं. त्यानंतर सत्तरच्या दशकात जवळजवळ दरवर्षी स्मारक नाणी येत राहिली. निम्म्याहून अधिक नाण्यांमागे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची प्रेरणा होती. या संघटनेनं १९६८ पासून देशोदेशींच्या सरकारांना अन्नधान्याच्या विषयावर नाणी काढायला उद्युक्त केलं होतं. १९७३ मध्ये जास्त धान्य पिकवा, १९७४ मध्ये कुटुंबनियोजन, १९७५ मध्ये महिला वर्ष, १९७७ मध्ये बचत, १९७९ मध्ये बालकवर्ष. त्या काळचं सरकार काय शिकवू पाहत होतं याची मालिकाच पेट्यांमधून हाती लागते. मला स्वतःला हे संच आजच्या भल्यामोठ्या नाण्यांपेक्षा जास्त आवडतात. तोच संदेश चांदीच्या पन्नास रुपयांवर आणि बसच्या तिकिटाला लागणाऱ्या दहा पैशांवरही असे. २०११ च्या नाणे कायद्यानं हजार रुपयांपर्यंतचं नाणं काढायची मुभा दिली. आता ५०, ७५, १००, १२५, १५०, ३५० असे मनाला येतील ते आकडे नाण्यांवर दिसतात. ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. साच्यातून काढल्यासारखी बरीचशी. ही बाजारात चालण्यासाठी निघतच नाहीत. टांकसाळीकडे आगाऊ पैसे भरायचे, दर्शनी किमतीच्या कित्येक पट, आणि पेटी टपालानं येण्याची वाट बघायची.

मुंबईच्या प्रूफ नाण्याची खूण इथेच सांगून टाकतो, कारण तिच्याइतकी उपयोगी माहिती या प्रकरणात दुसरी नाही. मुंबईच्या साध्या नाण्यावर सालाखाली छोटा हिरा असतो, हे बहुतेकांना शाळेपासून माहीत असतं. १९६९ पासूनच्या मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर हिऱ्याच्या जागी रोमन ‘बी’ अक्षर असतं, आणि बॉम्बेचं मुंबई झाल्यावर, १९९६ पासून, ‘एम’. पेटीवर ‘प्रूफ’ छापलेलं, आत मुंबईचं नाणं, आणि सालाखाली हिरा? तर कुणीतरी प्रूफ काढून घेऊन साधं नाणं आत बसवलंय. भिंग लागतं, पण दहापट मोठं दाखवणारं साधं घड्याळजीचं भिंग पुरतं.

आता पेट्यांचा दुसरा स्वभाव. अमेरिकेनं १९३६ मध्ये प्रूफ संच पुन्हा विकायला काढले, टपालखर्चासह १ डॉलर ८९ सेंटला. ३,८३७ संच गेले. १९५० मध्ये पुन्हा सुरुवात झाली तेव्हा प्रत्येक नाणं पारदर्शक कागदाच्या पाकिटात घालून, सगळी पाकिटं एका टाचणीनं टाचून, छोट्या पुठ्ठ्याच्या डबीत ठेवत. स्टेपलरची पिन लोखंडाची. काही वर्षांत ती गंजली आणि गंजाचे तपकिरी ठिपके शेजारच्या तांब्याच्या सेंटवर उतरले. १९५५ मध्ये टाचणी गेली आणि चपटं पाकीट आलं. पुढे विक्री लाखांत गेली. १९६४ मध्ये ३९,५०,७६२ संच खपले, आणि आज त्या संचाला चांदीच्या भावापलीकडे फारसं कुणी देत नाही. ‘मुलीच्या लग्नाला उपयोगी पडेल’ म्हणून प्रूफ संच घेणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

टाचणीचं पाप निदान डोळ्यांना दिसतं. कापड, गोंद आणि प्लास्टिक यांचं दिसत नाही. चांदी काळी पडते ती हवेनं नव्हे, गंधकानं. हायड्रोजन सल्फाइड वायूचा अंशही तिला पुरतो, आणि तो खाडीच्या वासात आहे, अंड्यात आहे, रबरबँडमध्ये आहे, लोकरीत आहे. पेटीतलं मखमली अस्तर, त्याचा रंग, ते चिकटवणारी खळ यांतूनही गंधकाची संयुगं वर्षानुवर्षं झिरपत राहतात. चांदीवर आधी पिवळसर झाक येते, मग तांबूस, मग निळी, शेवटी काळी. लाकडी पेटीचं, विशेषतः ओकच्या लाकडाचं, वेगळंच. ते अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सोडतं. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यावर एक सोपी परीक्षा काढली. अस्तराचा तुकडा, पाण्याचा थेंबभर ओलावा आणि चांदी, तांबं, शिसं यांचे छोटे पत्रे एका बंद नळीत घालून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचे. पत्रे डागाळले तर ते कापड संग्रहालयाच्या कपाटात जात नाही. जगभरची संग्रहालयं आजही हीच पद्धत वापरतात. आपल्या पेट्यांची मात्र अशी परीक्षा कुणी घेतली होती, असं काळी पडलेली नाणी पाहून वाटत नाही.

मऊ, लवचीक, वास येणारं प्लास्टिक सर्वांत घातक. ते पीव्हीसी असतं, आणि त्याला मऊ ठेवणारी तेलं कालांतरानं बाहेर येतात. पाकीट उघडलं की नाण्यावर हिरवट, चिकट थर. बोट लावलं तर तार सुटते. हा थर नुसता मळ नव्हे. आतलं आम्ल तांब्याला खात असतं, आणि उशीर झाला तर आरशावर कायमचे खड्डे पडतात. वेळेवर सापडलं तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं बुडवून, दुसऱ्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमध्ये विसळून, हवेवर वाळवायचं. पुसायचं नाही. खिडक्या उघड्या, गॅस बंद, काचेचं भांडं. नखांचा रंग काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.

एरवी मात्र साफसफाईचा मोह आवरावा. आपल्या घरांत दिवाळीआधी चांदीची निरांजनं आणि पितळी समया चिंच, रांगोळी, दंतमंजन लावून घासतात, आणि त्याच उत्साहात कपाटातली ‘काळवंडलेली नाणी’ही ताटात येऊन बसतात. निरांजन उजळतं. प्रूफच्या आरशावर मात्र हजारो बारीक रेघा पडतात. नाणं मंद प्रकाशात छान दिसतं आणि दिव्याखाली तिरकं धरलं की सगळा अत्याचार उघडा पडतो. ते पुन्हा कधी पहिल्यासारखं होत नाही. बोटाचा ठसाही तसाच. घामातलं मीठ आणि तेल काही आठवड्यांत रेषा कोरतात, आणि मग त्या अंगठ्याच्या मालकाचं नाव नाण्यावर कायमचं लिहिलं जातं. प्रूफ नाणं कडेनंच धरायचं, टेबलावर मऊ कापड पसरून, आणि त्याच्यावर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा बारीक थेंब पुरतो.

मग ठेवायचं कुठे? माझं मत स्पष्ट आहे, आणि काही जुने संग्राहक त्यावर रागावतात. मूळ पेटीचं कापड किंवा प्लास्टिक संशयास्पद असेल तर नाणी बाहेर काढावीत, प्रत्येक नाणं मापाच्या कडक, पीव्हीसी नसलेल्या गोल कॅप्सूलमध्ये घालावं, आणि पेटी, आतलं प्रमाणपत्र, बाहेरचं पुठ्ठ्याचं वेष्टण, टांकसाळीचं माहितीपत्रक हे सगळं वेगळ्या डब्यात, कुठल्या संचाचं ते लिहून, जपावं. काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. अपवाद एकच: टांकसाळीनं सीलबंद केलेलं कडक प्लास्टिक, ज्यात कापड नाही आणि नाणी स्वच्छ आहेत. ते फोडू नये. १९६८ पासून अमेरिकी प्रूफ संच सॅन फ्रान्सिस्कोत होऊ लागले आणि नाण्यांवर ‘एस’ अक्षर आलं. १९७५ सालच्या संचांत अक्षर राहून गेलेले दहा सेंटचे डाइम फक्त दोन सापडले आहेत. न फोडलेल्या संचात असं नाणं निघालं तर त्याच्या खरेपणाचा निम्मा पुरावा त्या प्लास्टिकच्या सीलमध्येच असतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हा वेगळा विषय आहे. कपाटाच्या ज्या कप्प्यात गोधड्या आणि लोकरी कपडे असतात, त्यात नाणी नकोत. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांच्या वाफेनं काही पारदर्शक प्लास्टिकं मऊ पडून चिकट होतात. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि श्रावण सरला की पुड्या तापवून पुन्हा कोरड्या करायच्या. घाटावर, पुण्या-नगरकडे, हाच डबा निम्म्या काळजीत चालतो.

एक धोका पेट्या जपल्यामुळेच निर्माण झाला आहे. रिकाम्या पेट्यांचीही आता खरेदी-विक्री होते. एखाद्याकडे पेटी उरते, दुसऱ्याकडे सुटी नाणी, आणि तिसरा दोन्ही घेऊन ‘मूळ संच’ जुळवतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी, मुंबईच्या चोरबाजारात, किंवा लिलावाच्या चकचकीत दालनातही असा संच समोर येऊ शकतो. तो ओळखण्याचं साधन पुन्हा तेच जुनं कापड. एका पेटीत दशकानुदशकं एकत्र राहिलेली चांदीची नाणी एकाच धाटणीनं रंगतात. वरची बाजू हवेनं एकसारखी, खालची बाजू अस्तरानं, कडेभोवती गडद. पाच नाणी निळसर-तांबूस आणि सहावं पांढरंशुभ्र असेल, तर ते पाहुणं आहे. नाणं उचलून खणाचा तळ पाहावा. खऱ्या रहिवाशानं मखमलीवर आपल्या व्यासाचा गोल दाबून ठेवलेला असतो, आणि त्या गोलाच्या आत कापडाचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद राहिलेला असतो, कारण तिथे प्रकाश पोचलेला नसतो. विक्रेता घाई करू लागला, पेटी उलटी करू देईना किंवा ‘साहेब, हात नका लावू, काळं पडेल’ म्हणू लागला, तर त्याचं म्हणणं रास्त आहे. त्यालाच म्हणावं, कडेनं धरून तूच उचल, आणि खणाखाली टॉर्च मार.